यंदाच्या वाणात मिरचीचं वाण

“काका, ह्याचं बी धरत नसतेत.”

मोंढ्याकडच्या एका बी-बियाण्याच्या दुकानात काउंटरमागचा पोरगा मला समजावत होता आणि मी त्याच्यापुढे आठ मिरच्या ओळीनं मांडून उभा होतो. आदल्या वर्षी त्याच्याकडूनच एक चकचकीत पाकीट नेलं होतं. गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत, त्या पाकिटातली झाडं अशी लगडली की खालच्या मजल्यावरचे लोक बघायला वर आले. मग मी शहाणपणा केला. चार देखण्या मिरच्या झाडावरच लाल होऊ दिल्या, वाळवल्या, बी काढलं आणि पुढच्या मृगात पेरलं. आठ झाडं जगली आणि आठांनी आठ तऱ्हा दाखवल्या. एकाची मिरची वीतभर लांब, एकाची करंगळीच्या पेराएवढी. एकीत तिखटाचा पत्ता नाही. एक झाड माझ्या छातीला लागलं आणि उभ्या हंगामात त्याला सात मिरच्या आल्या.

पोरगा हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. त्यानं पाकीट उलटं करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं : एफ-१. दोन निरनिराळ्या वाणांचा संकर करून मिळालेली पहिली पिढी. ही पिढी जोमदार असते, एकसारखी असते, तिच्यासाठीच आपण पैसे मोजतो. पण तिच्या पोटचं बी धरलं की आजा-आजीचे सगळे गुण सुटे होतात आणि पत्ते पिसावेत तसे नव्यानं वाटले जातात. ह्यात फसवणूक काही नाही. पाकीट एका हंगामापुरतं विकलं जातं, एका हंगामापुरतंच घ्यायचं असतं. चूक माझीच होती.

घरी येताना मात्र प्रश्न पडला : जिचं बी धरता येतं अशी मिरची मग आता आहे कुठे?

मिरचीसाठी आपल्याला लांब जायला नको. सिल्लोड-भोकरदन हा सगळा पट्टाच मिरचीचा. भर उन्हाळ्यात, प्यायच्या पाण्याची ओढ असताना, तिथला शेतकरी मल्चिंग पेपर अंथरून ठिबकवर मिरची लावतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला तोडे सुरू होतात. शिवना, आमठाणा, पिंपळगाव रेणुकाई इथल्या बाजारांत हिरव्या मिरचीची पोती लागतात आणि तिथून ट्रक परराज्यांत निघतात. पिकाडोर, तेजा ही नावं तिथे शाळकरी पोरांच्याही तोंडी असतात. ह्या गर्दीत ‘गावरान दाखवा’ म्हणालात तर एखादा म्हातारा घरामागच्या न्हाणीकडे बोट करील. शेतातून ती गेली. शेतात लाल झालेली मिरचीसुद्धा फारशी दिसत नाही, कारण हिरवीचा पैसा लगेच हातात येतो. फळ पिकू देऊन बी धरायला सवड कुणाला आहे?

त्याबद्दल शेतकऱ्याला गच्चीवरून उपदेश करणाऱ्यांपैकी मी नाही. तोड्याची मजुरी, औषधांची बिलं आणि कोसळणारा भाव ज्याच्या डोक्यावर आहे त्यानं जास्त पिकणारी, दोन दिवसांच्या ट्रकप्रवासात न मऊ पडणारी मिरची लावली तर त्याचं काय चुकलं? इथून साठेक किलोमीटरवरचं जालना तर बियाण्यांचंच गाव. बद्रीनारायण बारवाल्यांनी तिथे १९६४ साली महिको उभी केली, भेंडीच्या बियाण्यावर पाय रोवला आणि १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. मराठवाड्याच्या कितीतरी घरांच्या चुली ह्या बियाण्याच्या धंद्यावर पेटल्या. माझं म्हणणं एवढंच, की हायब्रीडलासुद्धा आई-बाप लागतात, आणि ते आई-बाप शोधत गेलं की मूळ कुठल्या तरी परसातल्या जुन्या वाणाशी पोचतं. रोग नवा आला, कीड नवी आली, की संशोधक त्या जुन्या वाणांकडेच वळतात. परसातलं झाडच उपटलं गेलं तर त्यांनी वळायचं कुठे?

आणि आमच्या मिरचीची एक वेगळीच गोची आहे. तिला नावच नाही. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, कर्नाटकातल्या ब्याडगीला मिळालं, आपल्या शेजारी जालन्याच्या दगडी ज्वारीला मिळालं. ही सगळी नावं असलेली माणसं. फुलंब्रीत, खुलताबादेत, कन्नडला विचारा, “ही मिरची कोणती?” उत्तर एकच : “गावरान.” प्रत्यक्षात एका घरची आखूड, जाड सालीची, आभाळाकडे तोंड करून लागणारी, दुसऱ्या घरची लोंबती, पातळ, वाळल्यावर गडद होणारी. दोन्ही गावरान. जिला नाव नाही तिची नोंद होत नाही, नोंद नाही तिची मोजदाद होत नाही, आणि मोजलीच नाही ती गेली हे कळणार कुणाला?

इथे कुणी तरी म्हणेलच, की मिरची मुळात आपली आहे कुठे? बरोबर आहे. ती मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरे आणि पिंपळी. पाहुणीला नावही आपण मिऱ्यावरूनच दिलं. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली, म्हणजे आजच्या ह्या शहराचा पाया घातला, तेव्हा मिरची ह्या देशात फार तर शंभर वर्षांची होती. मग चारशे वर्षांत ती गावरान झाली कशी? तर निवडून. मृगातल्या झडीत न कुजलेलं झाड, चैत्रातल्या उन्हात फूल न गाळलेलं झाड, ज्याच्या ठेच्यानं नाकातून पाणी येतं पण पोटात आग पडत नाही ते झाड. दरवर्षी त्याच झाडाची लाल मिरची बाजूला काढून राखेत ठेवायची. हे काम कुठल्या विद्यापीठानं केलं नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर दोन झाडं जगवणाऱ्या बायांनी केलं, आणि त्यांची नावंही कुठे नोंदलेली नाहीत.

गुरुवारी छावणीचा आठवडी बाजार भरतो. मागच्या थंडीत तिथे एका कडेला एक आजी बसल्या होत्या. पोत्यावर मेथीच्या पाच-सहा जुड्या, थोडा ओला हरभरा आणि ओंजळभर मिरच्यांचा वाटा. मिरच्या आखूड, काही हिरव्या, काही विटकरी, काही लालभडक. एकसारख्या मालाच्या बाजारात ही सरमिसळ लगेच डोळ्यात भरते.

“आजी, घरच्या का?”

“मंग. न्हाणीमागं दोन झाडं असतेत. तेवढ्यावर भागतंय आमचं.”

“बी दुकानातून आणता?”

“दुकानातलं कामून आणावं? आपलं आपण धरावं. माझ्या सासूनं धरलेलं हाय ते.”

मी लाल मिरच्या तेवढ्या निवडून मागितल्या. बियासाठी हव्यात म्हटल्यावर त्यांनी माझा हात थांबवला. वाट्यातल्या मिरच्या बाजूला सारल्या, कमरेची पिशवी उघडली आणि आतून चिंधीत बांधलेल्या चार सुकलेल्या मिरच्या काढल्या. “ह्या घे. त्या पहिल्या बहराच्या नव्हं, ह्या मधल्या बहराच्या. बी भरलेलं असतंय.” पैसे घेतले नाहीत. बियाचे पैसे घेत नसतात म्हणाल्या. “सून धरते का आता?” असं मी विचारलं. “ती म्हणती दहा रुपयांत पिशवीभर येत्यात. मी हाय तवर हाय.”

ह्या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे. जिल्ह्यातल्या किती गावांत अशी एकेक आजी शेवटची आहे, हे सांगायला आकडा नाही. पण तुमच्या नात्यात अशी एखादी आत्या, मावशी, चुलती आहे का, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही शहरातली माणसं, फ्लॅटात राहणारी. बी जपायचं तर खेड्यात जपावं. मलाही तसंच वाटायचं. मिरचीचं फूल नीट समजून घेतल्यावर माझं मत उलटं झालं.

मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळ धरतं, त्यामुळे वाटतं की हिचं बी शुद्धच राहणार. पण मधमाश्या, मुंग्या, फुलकिडे ह्या फुलावरचा पराग त्या फुलावर नेतात आणि मिरचीत ही परकी भेसळ चांगलीच होते. म्हणूनच बियाण्याच्या प्रमाणीकरणाच्या नियमांत दोन मिरच्यांच्या वाणांमध्ये अंतर सांगितलेलं आहे : पायाभूत बियाण्याला ४०० मीटर, प्रमाणित बियाण्याला २०० मीटर. सिल्लोडच्या शिवारात चारही बाजूंनी हायब्रीड असताना एखाद्या बाईनं न्हाणीमागं गावरान जपली, तरी चार-पाच वर्षांत तिच्या नकळत तिच्यात शेजारच्या मळ्याचं रक्त मिसळतं. आणि सिडकोतल्या एखाद्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरची बाल्कनी? तिथे शेदोनशे मीटरांत दुसरी मिरची असेलच असं नाही. खेड्यात सहजी न मिळणारं एकटेपण शहरातल्या कुंडीला आपोआप मिळतं. बियाची तिजोरी म्हणून आपल्या ह्या बाल्कन्या शेतापेक्षा सरस आहेत! फक्त शेजारच्या गच्चीवर ढोबळी मिरची नाही ना, तेवढं बघा. ढोबळी हीसुद्धा मिरचीच. तिचा पराग बसला तर तुमच्या नातवंडांच्या ठेच्याचा जीव जाईल.

आता करायचं कसं, ते. मी तीन हंगाम चुकत चुकत शिकलो, तुम्ही पहिल्यातच शिका.

लाल मिरची उभी चिरली की आत पांढरी शीर दिसते आणि तिला लागून बिया. तिखटपणा त्या शिरेत असतो, बीत नाही. बीला लागतो तो शिरेचा स्पर्श. म्हणून बी काढण्याआधी बोटांना गोडंतेल चोळा आणि नंतर दिवसभर डोळ्यांना हात लावू नका. हा सल्ला मी स्वतः पाळला नव्हता.

इथली काळी माती नुसती कुंडीत भरली तर आठवड्यात विटेसारखी होते. तिच्यात निम्म्याहून जास्त शेणखत नाहीतर गांडूळखत आणि कोकोपीट मिसळा. दह्याच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडून रोप टाकायला घ्या. बी जेमतेम झाकेल एवढीच माती वर, पाणी हातानं शिंपडून, आणि वरून ओलं गोणपाट. साधारण आठ ते बारा दिवसांत अंकुर मान वाकवून वर येतो. त्या दिवशी गोणपाट काढा, नाहीतर रोपं पांढरी होऊन लांबतात. कधी कधी बियाचं टरफल टोपड्यासारखं दोन्ही पानांवर घट्ट बसतं आणि पानं उघडत नाहीत. ओढायचं नाही. संध्याकाळी बोटानं थेंबभर पाणी लावून ठेवा, सकाळी टोपडं आपण होऊन पडलेलं असतं. आमच्याकडे हे बघायला नातू पहाटे उठतो, जो शाळेसाठी उठत नाही.

ह्या वयात रोपं मरतात ती बहुतेक लाडानं. पाणी जास्त झालं की बुडाशी देठ पिचतो आणि कालचं टवटवीत रोप आज आडवं. आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे इथल्या वाचकाला सांगायला नको. पण मिरचीला त्याची चिंता नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी दोन कुंड्यांना पुरून उरतं. महिना-सव्वा महिन्यात रोपाला पाच-सहा पानं झाली की मोठ्या बादलीत हलवा. दुपारचं ऊन कडक असेल तर जुन्या सुती साडीची सावली करा.

गावरानला रोग येत नाही, ही भाबडी समजूत. कोकडा तिलाही येतो : पानं आक्रसतात, द्रोणासारखी वळतात, झाड खुरटतं. पांढरी माशी, फुलकिडे, कोळी हे त्यामागचे चोर. निंबोळी अर्क आठवड्यानं फवारा, पिवळे चिकट सापळे टांगा, आणि तरीही एखादं झाड आक्रसलंच तर जीव जड करून उपटा. त्याचं बी तर मुळीच धरू नका.

आता मुख्य गोष्ट. मिरचीचं फूल पांढरं, शेंगदाण्याएवढं, खाली मान घातलेलं असतं. ते उमलायच्या आधी, कळ्या असतानाच, एका फांदीला जाळीची पातळ पिशवी चढवून सैल बांधायची. हळदी-कुंकवाला मिळते तसली पोटली चालते. घरात अशा दहा पोटल्या पडलेल्या असतात आणि कुणाला त्यांचं काय करायचं ते कळत नसतं. फांदीवर आधी उमललेली फुलं, लागलेली फळं काढून टाका. रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा म्हणजे पराग आतल्या आत झडतो. मुगाएवढ्या मिरच्या दिसल्या की पिशवी काढा आणि त्या देठाला लोकरीचा लाल धागा बांधा. हा धागा विसरू नका. पहिल्या वर्षी मी तो बांधला नव्हता आणि एका रविवारी पोह्यांच्या गडबडीत गच्चीवर धावत जाऊन बियासाठी राखलेल्या पाचही मिरच्या मीच खुडून आणल्या. दुसऱ्या वर्षी धागा बांधला, तर बुलबुलानं दोन मिरच्या लांबवल्या. पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी उगवतंही. मुळात रानात मिरचीचा प्रसार त्यांनीच केला. तेव्हा बुलबुलाला दोष नाही, पण फळ पिकू लागलं की पिशवी पुन्हा चढवा.

मिरची झाडावरच पुरती लाल होऊ द्या, सावलीत वाळवा, मग बी काढून पुन्हा वाळवा. बी वाकवून पाहा : वाकलं तर ओलं आहे, कटकन मोडलं तर ठेवायला तयार. कागदाच्या पुडीत, पुडी काचेच्या बरणीत, बरणीच्या तळाशी चाळलेली राख किंवा भाजून गार केलेले मूठभर तांदूळ. पुडीवर लिहा : कुणाकडून मिळालं, गाव कोणतं, महिना, साल. हे लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. नाव नसलेल्या मिरचीला पहिल्यांदाच कुठे तरी नाव मिळेल. ‘पिशोरच्या मावशीची’ हेसुद्धा नावच आहे. बी घरातल्या साध्या हवेत दोन-तीन वर्षं तगतं, त्यापुढे उगवण झपाट्यानं घटते. म्हणजे पुडी कपाटात जपून ठेवणं म्हणजे बी जपणं असं समजू नका. बी जपायचं ते पेरून.

सिडको-हडकोतली काही पोरं ऑनलाइन बी मागवून कॅरोलिना रीपर लावतात आणि मित्रांना खायला घालून व्हिडिओ काढतात. गिनेस बुकात २०१३ साली जगातली सर्वांत तिखट म्हणून गेलेली ती मिरची. मला त्यांचं कौतुक आहे, खोटं नाही. ज्या पोराला अमेरिकेतल्या मिरचीची रोपं कोकोपीटमध्ये उगवता येतात त्याला आजीच्या मिरचीची का येणार नाहीत? ही मुलं हातात आली तर अर्धं काम झालं.

एक अडचण उरते. दोन कुंड्यांतल्या दोन झाडांवर कुठलंच वाण फार पिढ्या टिकत नाही. थोड्याच झाडांचं बी पुनःपुन्हा धरत गेलं तर वाणातली विविधता झडते, ते दुबळं होत जातं. त्यासाठी वीस-पंचवीस झाडं तरी हवीत. एवढी झाडं फ्लॅटात कुणी लावणार नाही. पण एका सोसायटीतल्या बारा घरांनी एकाच आजीचं बी दोन-दोन कुंड्यांत लावलं आणि हंगामाअखेर सगळ्यांचं बी एका सुपात मिसळून परत वाटून घेतलं, तर ती चोवीस झाडं झाली. भिशी चालवता येते तशी ही बियाची भिशी. हिच्यात कुणी पैसे बुडवून पळून जाण्याची भीती नाही, आणि एकाच्या झाडाला कोकडा आला तरी दुसऱ्याची पुडी शिल्लक असते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी भातापासून वालापर्यंतची गावरान बियाणी अशीच घरातून जपली. महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणतो, आणि २०२० साली त्यांचं नाव पद्मश्रीच्या यादीत आलं. आपण टाळ्या वाजवल्या, व्हॉट्सॲपवर फोटो पुढे पाठवला आणि थांबलो. एका कोंभाळण्यावर सगळ्या राज्याचं बी टाकून मोकळं होणं बरं दिसत नाही.

कायद्याची भीती कुणी घातली तर ती नको. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ ह्यात शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचाही हक्क स्पष्ट दिलेला आहे; फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. त्याच कायद्याखाली शेतकऱ्यांच्या जुन्या वाणांची नोंदही करता येते. आपल्या जिल्ह्यातल्या मिरच्यांची अशी नोंद व्हायला हवी आणि ती शिकलेल्या माणसांच्या मदतीशिवाय होणार नाही. शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र हिमायतबागेत आहे. त्यांना हात जोडून विनंती : एक वाफा द्या. हिमायतबागेच्या एका कोपऱ्यात जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतल्या नऊ गावरान मिरच्या पाटी लावून उभ्या राहिल्या, तर शाळांच्या सहली बघायला येतील आणि बी नसलेल्यांना मागायला ठिकाण होईल.

ज्यांच्या नात्यात अशी आजी नाही त्यांनीही थांबू नये. परभणी तेजस, फुले ज्योती, पुसा ज्वाला हे सुधारित पण सरळ वाण आहेत. संकरित नाहीत, त्यांचं बी धरता येतं. हात त्यांच्यावर बसवा. तोवर आजी सापडेल. बाजारातून वर्षाच्या तिखटासाठी आणलेल्या मिरचीचं बी मात्र घेऊ नका. ती गुंटूरची असेल, ब्याडगीची असेल, कुठल्या हायब्रीडची असेल, आणि कुठल्या उन्हात किती तापली असेल, काही सांगता येत नाही.

आणि आता माझ्या भगिनींसाठी, ज्यांच्यावाचून ह्यातलं काही होणार नाही. संक्रांतीला तुम्ही वाण लुटता. गेल्या काही वर्षांत त्या वाणात प्लास्टिकच्या डब्या, चहाची गाळणी, स्टीलच्या वाट्या, मोबाइलचे स्टँड येऊन गेले. माझ्या घरात सहा गाळण्या आहेत. मराठीत वाण ह्या शब्दाचे दोन अर्थ : सुवासिनीच्या ओटीत घालायचं ते वाण, आणि शेतकरी बियाच्या जातीला म्हणतो तेही वाण. आपल्या भाषेनं ही सोय आधीच करून ठेवली आहे, आपण तिचा फायदा घेतलेला नाही. यंदा हळदी-कुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला वीस बियांची एक पुडी द्या. वर नाव, गाव, साल. आणि अट एकच, की पुढच्या संक्रांतीला तिनं तिच्या घरच्या बियाची पुडी दुसऱ्या दोघींना द्यायची. विधवा, एकट्या, सगळ्या बायांना बोलवा. मिरचीला कुंकवाचं सोवळं नाही.

हिशेब सोपा आहे. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्या आठवड्यात रोप टाकलं तर जुलैच्या मध्याला ते बादलीत जातं, गणपतीच्या आसपास फूल धरतं आणि दिवाळीनंतर मिरच्या लाल होऊ लागतात. डिसेंबरात बी वाळून तयार. एका चांगल्या भरलेल्या मिरचीत पन्नास-साठ बिया सहज निघतात. लाल धागा बांधलेल्या दहा मिरच्यांत पंचवीस जणींचं वाण होतं.

तेव्हा मृग लागायच्या आत एक काम करा. गावाकडे फोन लावा आणि आत्याला विचारा, न्हाणीमागचं झाड आहे का अजून. छावणीच्या त्या आजी ह्या उन्हाळ्यात मला बाजारात दिसलेल्या नाहीत. त्यांच्या चार मिरच्यांचं बी माझ्याकडे आहे, अकरा झाडं गच्चीवर उभी आहेत, आणि वाटायला तीस पुड्या तयार आहेत.